बेसबॉलचा फटका कमरेतून कसा निघतो? एका वादाची शंभर वर्षं

(या भागाचं थोडं संपादित लिखित रूप. ऐकताना निसटलेली सालं आणि आकडे इथे निवांत वाचता येतील.)

आज आपण क्रिकेटच्या चुलतभावाकडे जाणार आहोत, म्हणजे बेसबॉलकडे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बेसबॉल फक्त सिनेमात किंवा रील्समध्ये पाहिलाय. काही हरकत नाही, नियम माहीत नसले तरी आजचा भाग समजेल. कारण आजचा प्रश्न अगदी साधा आहे: बॅटने चेंडू जोरात मारायचा, तर जोर येतो कुठून?

तुम्ही म्हणाल, हातातून. दंडातून, मनगटातून. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले बहुतेक लोकही हेच म्हणत होते. आज कुठल्याही चांगल्या कोचला विचारा, तो पायांकडे आणि कमरेकडे बोट दाखवेल. या दोन उत्तरांच्या मध्ये एक शतक आहे. त्या शतकात एक अवाढव्य देहाचा पिचर आहे, लढाऊ विमान उडवणारा एक चिडका जीनियस आहे, छताला टांगलेला कागद तलवारीने कापणारा एक जपानी खेळाडू आहे, आणि कोचांमधलं एक मोठं भांडण आहे. आणि हे नुसतं चर्चेपुरतं भांडण नव्हतं बरं का. चुकीचं उत्तर शिकवलं की खेळाडूचं करिअर संपायचं. बरोबर उत्तर सापडलं की टीमने सोडून दिलेला माणूस पुढच्या वर्षी लीगमध्ये पहिला यायचा.

आधी थोडा हिशेब

पिचर जिथून चेंडू टाकतो ती जागा होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर असते. हे अंतर १८९३ पासून तेच आहे. ताशी १४५ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचायला सेकंदाचे साधारण चार दशांश लागतात. त्यातला शेवटचा दीड दशांश सेकंद, म्हणजे ०.१५ सेकंद, प्रत्यक्ष बॅट फिरवण्यात जातो. म्हणजे चेंडू पाहायचा, ओळखायचा, ठरवायचं, हे सगळं पाव सेकंदात.

आता त्या ०.१५ सेकंदात काय करायचं असतं? साधारण ९०० ग्रॅमची लाकडी बॅट शून्यापासून ताशी शंभरपेक्षा जास्त किलोमीटर वेगाला न्यायची. ढोबळ हिशेब केला तर एवढ्या वेळात शरीराला दोन किलोवॅटच्या आसपास ताकद पुरवावी लागते. आपल्याकडे शेतात विहिरीवर तीन एचपीची मोटर असते ना, जवळजवळ तेवढी. क्षणभरच, पण तेवढी.

आणि इथेच हातांचा दावा कोसळतो. माणसाच्या दोन्ही हातांमध्ये एवढे स्नायूच नसतात. येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट अडेर यांनी १९९० मध्ये बेसबॉलच्या भौतिकशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला हा मुद्दा आता सगळ्यांना माहीत आहे: बॅटला मिळणारी बहुतेक ऊर्जा मांड्या आणि धड यांच्या मोठ्या स्नायूंमधून येते. हातांचं काम ती बॅटपर्यंत पोचवणं आणि बॅटला दिशा देणं.

पण हे सगळं १९९० मध्ये. गोष्ट सुरू होते त्याच्या बरीच आधी.

जेव्हा बॅट फिरवायची नसायची, टेकवायची असायची

१९१० च्या आसपासचं बेसबॉल आजच्यासारखं नव्हतं. एकच चेंडू बराच वेळ वापरायचे. तो मळलेला, मऊ पडलेला असायचा. पिचर त्याला थुंकी लावायचे, आणि ते नियमात बसायचं. असा चेंडू लांब जाणार कसा? त्या काळचा राजा होता टाय कॉब. तो दोन हातांमध्ये थोडं अंतर ठेवून बॅट धरायचा आणि रिकाम्या जागा बघून चेंडू ढकलायचा. १९०९ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वात जास्त होम रन मारले. किती? नऊ. आणि त्या नऊपैकी एकही कुंपणाबाहेर गेला नव्हता. चेंडू मैदानातच होता, कॉब पळून पळून घरी पोचला होता! १९११ मध्ये फ्रँक बेकरने ११ होम रन मारून लीगमध्ये पहिला नंबर काढला. त्याचं टोपणनावच पुढे 'होम रन बेकर' झालं. अकरा होम रनांवर लीगमध्ये पहिला नंबर लागायचा, असा तो जमाना.

अशा खेळात कमरेला फारसं काम नव्हतं. मनगट, नजर आणि पळणारे पाय पुरेसे होते. कोचही तेच शिकवायचे.

मग आला बेब रूथ.

पिचर होता म्हणून वाचला

जॉर्ज हर्मन 'बेब' रूथ १८९५ मध्ये बाल्टिमोरमध्ये जन्मला आणि १९१४ मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडून खेळायला लागला, तो पिचर म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा. पिचरकडून कोणी बॅटिंगची अपेक्षा करत नाही, त्यामुळे त्याचा स्विंग सुधारण्याच्या भानगडीतही कोणी पडत नाही. रूथला स्वतःच्या पद्धतीने बॅट फिरवायला मोकळीक मिळाली, असं बरेच इतिहासकार मानतात. रूथ स्वतः सांगायचा की त्याने स्विंग उचलला शूलेस जो जॅक्सनकडून. हा जॅक्सन त्या काळातला मोजक्या पूर्ण ताकदीने बॅट फिरवणाऱ्यांपैकी एक.

रूथचे जुने फिल्मचे तुकडे यूट्यूबवर आहेत, बघा. पाय जवळजवळ जोडलेले. पाठ थोडी पिचरकडे वळलेली. चेंडू सुटला की तो पुढचा पाय उचलून चांगली मोठी ढांग टाकतो, कंबर गर्रकन फिरते, आणि बॅट शेवटी येते. चेंडू हुकला तर भाऊ पायात पाय अडकून भोवऱ्यासारखा फिरतो. लोक त्याचे हुकलेले फटके बघायलाही पैसे देऊन यायचे! आणि त्याची बॅट ४० औंसांपेक्षा जड, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास किंवा जास्तच. आजची बॅट साधारण ३२ औंसांची.

१९१९ मध्ये २९ होम रन. मग बोस्टनने त्याला न्यूयॉर्क यांकीजना विकलं आणि १९२० मध्ये त्याने ५४ मारले. त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या टीमला एवढे होम रन जमले नाहीत. लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर जॉर्ज सिसलर होता, १९ होम रनांवर. हो, १९२० मध्ये नवे थुंकीबाज पिचर बंद झाले, आणि त्याच वर्षी रे चॅपमन हा खेळाडू डोक्याला चेंडू लागून मेल्यानंतर मळके चेंडू लवकर बदलायला लागले. त्याचा फायदा सगळ्यांना झाला. पण सगळ्यांनी ५४ मारले नाहीत ना!

मग लोकांना प्रश्न पडला: हा माणूस हे करतो कसं? १९२१ मध्ये त्याला कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेऊन चाचण्या घेतल्या गेल्या आणि पॉप्युलर सायन्स मासिकात त्यावर लेख आला. चाचण्यांचा भर कशावर? डोळे, कान, मेंदूची प्रतिक्रिया, हातांचा समन्वय. निष्कर्ष असा की रूथचे डोळे आणि मज्जातंतू सामान्य माणसापेक्षा सरस आहेत. फटका मारताना तो श्वास रोखतो, हेही त्यांनी टिपलं. विज्ञानाने रूथकडे पाहिलं खरं, पण नजर होती गळ्याच्या वर. ज्या कमरेमुळे हा सगळा प्रकार घडत होता, तिच्याकडे नीट बघणारी साधनंच तेव्हा नव्हती. कॅमेरा होता, एडवर्ड मायब्रिजने १८८० च्या दशकातच बॅटरच्या हालचालींची फोटोमालिका टिपली होती. पण फोटोत जागा दिसते, जोर दिसत नाही. कोणता स्नायू कधी आवळला, पायाने जमिनीला किती रेटलं, हे फोटो सांगत नाही.

विल्यम्सचं म्हणणं: कंबर पुढे, हात मागून

पुढचं मोठं नाव टेड विल्यम्स. १९४१ मध्ये त्याची सरासरी .४०६ होती, म्हणजे दहा अधिकृत प्रयत्नांत चारपेक्षा जास्त हिट. त्यानंतर आजपर्यंत मेजर लीगच्या पूर्ण सीझनमध्ये अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये कोणालाही .४०० गाठता आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याचे तीन पूर्ण सीझन गेले, आणि कोरियन युद्धात लढाऊ विमान उडवण्यात जवळजवळ दोन. तरी ५२१ होम रन. माणूस तिरसट, पत्रकारांशी कायम वाकडं. पण फटका कसा मारायचा या विषयावर रात्र रात्र बोलायचा.

१९७० च्या सुमारास जॉन अंडरवूड या लेखकाबरोबर त्याने 'द सायन्स ऑफ हिटिंग' हे पुस्तक काढलं. त्यात बरंच काही आहे, पण आपल्या कामाची गोष्ट ही: कंबर आधी आतल्या बाजूला वळवायची, म्हणजे बंदुकीचा घोडा ताणल्यासारखं. मग ती उघडायची. हात तिच्या मागून येतात. हात आधी आणि कंबर नंतर असं झालं, तर फटक्यात जीव राहत नाही. दुसरं असं की स्विंग थोडा खालून वर हवा, कारण चेंडू उंचावरून खाली येत असतो. त्या काळी कोच उलट शिकवायचे: खाली मार, चेंडू जमिनीवरून पळव.

विल्यम्सचं म्हणणं समजायला आपली गोफण आठवा. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा असलेला माणूस गोफण कशी मारतो? आधी पाय रोवतो, मग कंबर वळते, मग खांदा, मग हात, आणि सगळ्यात शेवटी दगड. नुसत्या मनगटाने गोफण फिरवली तर दगड बांधावर पडेल. चाबकाचंही तेच. मूठ हळू फिरते, टोक फाडकन वाजतं. जाड आणि जड भाग आधी हलतो, थांबतो, आणि आपली गती पुढच्या हलक्या भागाला देऊन टाकतो.

दरम्यान, टोकियोमध्ये

आता आपण जपानला जाऊ. कारण हाच प्रश्न तिथे वेगळ्याच वाटेने सुटला.

सादाहारू ओ. जन्म १९४०, वडील चिनी. १९५९ मध्ये योमिउरी जायंट्सनी त्याला घेतलं. तोही शाळेत पिचर होता! टीमने त्याला बॅटिंगला लावलं आणि पहिल्या सीझनमध्ये त्याची सरासरी आली .१६१. जपानीत 'ओ' म्हणजे राजा, तर लोक त्याला स्ट्राइकआउटचा राजा म्हणून चिडवायला लागले. तीन वर्षं अशीच गेली. पोरगा ताकदवान होता, पण बॅट फिरवण्याआधी त्याच्या हातांची एक फालतू हालचाल व्हायची. तेवढ्यात चेंडू निघून जायचा.

१९६२ मध्ये हिरोशी अराकावा टीमचे बॅटिंग कोच झाले. ते ऐकिदो शिकलेले होते, ऐकिदोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांच्याकडे. त्यांनी ओला सांगितलं, हातांचं सोड, आधी उभं राहायला शीक. एक पाय उचल आणि दुसऱ्या पायावर तोल सांभाळ. बगळ्यासारखं. आपल्या वासुदेवाच्या किंवा नाचणाऱ्याच्या गिरकीसारखं नाही, एकदम स्थिर. ऐकिदोत बेंबीखालचा बिंदू शरीराचं केंद्र मानतात. सगळं लक्ष तिथे ठेवायचं, हालचाल तिथून काढायची. विल्यम्स ज्याला कंबर म्हणत होता, जपानी परंपरा त्याला ओटीपोटातला बिंदू म्हणत होती. शब्द वेगळे, जागा जवळजवळ तीच.

एक पाय उचलल्यावर काय झालं? हातांना फालतू हालचाल करायला वावच उरला नाही. एका पायावर उभा असलेला माणूस हात हलवत बसला तर पडेल! शिवाय उचललेला पाय खाली येताना सगळं वजन पुढे येतं आणि कमरेला फिरायला धक्का मिळतो. सराव म्हणून ओ खरी तलवार घेऊन छताला टांगलेला कागद कापायचा. लटकता कागद नुसत्या हाताच्या जोराने कापला जात नाही, तो बाजूला सरकतो. पाय, कंबर आणि पातं एका ओळीत आले तरच कापला जातो. चुकीला जागाच नाही.

१ जुलै १९६२ ला तो सामन्यात पहिल्यांदा एका पायावर उभा राहिला आणि त्याच दिवशी होम रन मारला. आदल्या अख्ख्या वर्षात १३ होम रन होते. १९६२ संपेपर्यंत ३८ झाले. पुढे सलग तेरा वर्षं लीगमध्ये सर्वाधिक होम रन त्याचेच. १९६४ मध्ये ५५. १९७७ मध्ये ७५६ वा होम रन मारून हँक ॲरनच्या ७५५ च्या पुढे गेला आणि १९८० मध्ये थांबला तेव्हा आकडा होता ८६८.

पाय उचलणं त्याने शोधून काढलं असं नाही. न्यूयॉर्क जायंट्सचा मेल ऑट १९३० च्या दशकात पुढचा पाय चांगला वर उचलूनच मारायचा आणि ५११ होम रनांवर थांबला. उंचीने तो काही फार मोठा नव्हता. म्हणजे देह लहान असेल, तर पाय आणि कंबर ती कमी भरून काढतात, याचा पुरावा समोरच होता. पण 'हा अपवाद आहे' असं म्हणून लोक पुढे गेले.

भांडण: फिरायचं की सरकायचं?

आता परत अमेरिका, १९७० चं दशक. कॅन्सस सिटी रॉयल्सचे कोच चार्ली लाउ. स्वतः खेळाडू म्हणून साधारणच, सरासरी .२५५. पण त्यांनी फिल्म आणि व्हिडिओवर स्विंग परत परत बघून स्वतःचं शास्त्र तयार केलं. १९७४ मध्ये जॉर्ज ब्रेट नावाचा तरुण चाचपडत होता, सरासरी .२०० च्या आसपास. लाउंनी त्याला हाताखाली घेतलं. त्या सीझनच्या शेवटी ब्रेट .२८२ वर होता, आणि १९८० मध्ये .३९० वर.

लाउंचं म्हणणं: वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्या. मागची बाजू घट्ट, मग पुढची बाजू घट्ट. पुढचा पाय खांबासारखा ताठ. विल्यम्सवाले म्हणाले, छे, हा तर पुढे झोकून देणं शिकवतोय, खरी ताकद जागच्या जागी फिरण्यात आहे. लाउवाले म्हणाले, वजन पुढे आणल्याशिवाय फिरणार काय, डोंबल? मेजर लीगचे कोच, कॉलेजचे कोच, शाळेतले कोच, सगळे दोन गटांत वाटले गेले. मधल्यामध्ये पोरं! एका कोचने 'फिर' म्हणायचं, दुसऱ्याने 'सरक' म्हणायचं. लहान मुलांना तर एक वाक्य पाठच झालं होतं: मागच्या पायाच्या चवड्याखाली किडा आहे असं समज आणि तो चिरड. म्हणजे मागचा पाय जमिनीवर दाबून पिळायचा.

मोजपट्टी आली

१९९० च्या दशकात शेवटी ती साधनं आली, जी रूथच्या वेळी नव्हती. स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून त्यांचा विजेचा संदेश मोजता येऊ लागला. शरीरावर चमकते ठिपके लावून अनेक कॅमेऱ्यांनी हालचाल टिपता येऊ लागली. पायाखाली जोर मोजणाऱ्या प्लेट आल्या.

१९९३ मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात डॉ. फ्रँक जोब होते. हे तेच, ज्यांनी १९७४ मध्ये पिचर टॉमी जॉनच्या कोपरावर ती प्रसिद्ध शस्त्रक्रिया केली. व्यावसायिक खेळाडूंच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून त्यांनी पाहिलं. सुरुवातीला सगळ्यात जोरात काम करत होते मांडीचे मागचे स्नायू आणि नितंबाचे स्नायू. मग पोट आणि पाठीचे. खांद्याभोवतालचे स्नायू त्या मानाने निवांत होते. सल्ला सरळ होता: बॅटरला बळकट करायचं तर कंबर आणि धडाचा व्यायाम द्या.

१९९५ मध्ये वेल्च आणि सहकाऱ्यांनी पूर्ण हालचालीची मोजणी छापली. कंबर सर्वाधिक वेगाने फिरते तेव्हा वेग असतो सेकंदाला ७१४ अंश, म्हणजे जवळजवळ सेकंदाला दोन फेऱ्या. त्यानंतर खांदे, ९३७ अंश. आणि बॅट सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या थोडी पुढेच. क्रम बघा: कंबर आधी आणि हळू, खांदे नंतर आणि जास्त वेगाने, बॅट शेवटी आणि सगळ्यात वेगाने. गोफणच! (आणि योगायोग म्हणजे रूथचे कारकिर्दीतले होम रनही ७१४. मजा आहे, बाकी काही नाही.)

पुढचा पाय टेकतो तेव्हा तो जमिनीला शरीराच्या वजनाच्या १२३ टक्के जोराने दाबतो, हेही त्यात मोजलं होतं. इथेच ते जुनं भांडण मिटतं.

कसं ते सांगतो. उजव्या हाताचा बॅटर डोळ्यांसमोर आणा. त्याचा डावा पाय पिचरच्या बाजूला. पहिली पायरी: तो वजन उजव्या पायावर घेतो आणि कंबर थोडी आत वळवतो. दुसरी: डावा पाय पुढे टाकतो, वजन पुढे सरकतं. हे लाउंचं 'सरकणं'. तिसरी: डावा पाय रोवला जातो, गुडघा ताठ होत जातो आणि पुढे येणारं शरीर तिथे अडतं. चालत्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबला तर मागचा भाग उचलून फिरायला बघतो, तसं. आता पायाखालची जमीन डाव्या खुब्याला मागे रेटते आणि उजव्या खुब्याला पुढे. एसटीचं मोठं स्टिअरिंग दोन हातांनी फिरवताना एक हात ओढतो, दुसरा ढकलतो, अगदी तसं. आणि कंबर फिरते. हे विल्यम्सचं 'फिरणं'.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची: कंबर फिरायला लागली तरी खांदे क्षणभर मागेच राहतात. ओला टॉवेल पिळताना खालचं टोक एकीकडे आणि वरचं दुसरीकडे जातं, तसा पोटाच्या बाजूच्या तिरक्या स्नायूंना पीळ पडतो. ताणलेला स्नायू जोरात आवळतो. मग कंबर मंदावते, पीळ सुटतो, खांदे सुटतात, मग हात, मग बॅट. कंबर मंदावणं हा दोष नाही. ती मंदावते म्हणूनच तिची गती वर जाते.

म्हणजे लाउ आणि विल्यम्स दोघंही बरोबर होते! एक पहिला अर्धा भाग सांगत होता, दुसरा उरलेला. वीस वर्षं लोक एकाच गोष्टीच्या दोन तुकड्यांवरून भांडत राहिले.

आणि किडा? हाय-स्पीड व्हिडिओत दिसलं की बऱ्याच मोठ्या हिटरांचा मागचा पाय फटक्याच्या क्षणी जमिनीवर जेमतेम टेकलेला असतो, कधी तर हवेतच. वजन पुढे गेलेलं असतं ना! किडा आरामात जिवंत राहतो. पाय पिळला म्हणून कंबर फिरत नाही, कंबर फिरते म्हणून पाय वळतो. कारण आणि परिणाम उलटे शिकवले गेले होते.

हे कळल्याने कोणाचं काय झालं?

होझे बाउटिस्टाचं उदाहरण घ्या. डॉमिनिकन रिपब्लिकचा खेळाडू. २००४ या एकाच वर्षात तो चार वेगवेगळ्या मेजर लीग टीमकडून खेळला, म्हणजे कोणालाच तो नको होता. २००८ मध्ये टोरोंटोला आला. तिथल्या कोचांबरोबर त्याने स्विंगची वेळ बदलली: पुढचा पाय लवकर आणि उंच उचलायचा, म्हणजे कंबरेला तयार व्हायला वेळ मिळतो. २००९ मध्ये १३ होम रन, २०१० मध्ये ५४. माणूस तोच, हात तेच. वय एकोणतीस, ज्या वयात असे खेळाडू निवृत्तीचा विचार करतात.

२०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आली. चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि किती अंशात उडाला, हे लगेच स्क्रीनवर. मग विल्यम्सचं 'थोडं खालून वर' हे म्हणणं आकड्यांत दिसायला लागलं. २०१७ मध्ये मेजर लीगमध्ये ६,१०५ होम रन झाले, तोपर्यंतचा विक्रम. २०१९ मध्ये ६,७७६. त्याची किंमतही आहे: पूर्ण जोराने फिरायचं म्हटलं की हुकणंही वाढतं, स्ट्राइकआउट वाढले. आणि तो टॉवेलसारखा पीळ ज्या स्नायूंना पडतो, पोटाच्या बाजूचे तिरके स्नायू, ते ताणले जाणं ही आता बॅटरांची नेहमीची दुखापत आहे. ताकद जिथून येते, तुटतंही तिथेच.

पण मग सगळ्यांनी पाय उंच उचलायचा का? नाही. शोहेई ओतानी बघा. २०१८ मध्ये जपानहून अमेरिकेत आला, पाय उचलूनच मारायचा. सीझनआधीच्या सराव सामन्यांत त्याची सरासरी आली .१२५. अमेरिकन पिचरांचा वेग जास्त, पाय खाली यायच्या आत चेंडू गेलेला. सीझन सुरू होण्याच्या तोंडावर त्याने पाय उचलणं बंद केलं. चवडा जमिनीवरच, फक्त टाच उचलायची आणि गुडघा आत वळवायचा. त्या वर्षी २२ होम रन आणि लीगमधला सर्वोत्तम नवोदित. २०२४ मध्ये ५४ होम रन. पाय उचलणं हे साधन होतं. मूळ काम कंबर वळवून ठेवणं आणि वेळेवर सोडणं. ते नुसत्या टाचेनेही होतं.

आणि हो, ओतानीही पिचर. रूथ, ओ, ओतानी, तिघंही पिचिंगमधून आलेले. विल्यम्सही शाळेत पिचिंग करायचा. पिचरला ही गोष्ट अंगातून माहीत असते की चेंडू हाताने सुटतो पण पायाने फेकला जातो. कदाचित म्हणूनच.

शेवटचं एक

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? एवढे महान खेळाडू, पण स्वतः काय करतोय हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना शब्दांत सांगता येत नव्हतं. अनेक जण शपथेवर सांगायचे, 'मी बॅट वरून खाली मारतो', आणि व्हिडिओत बॅट खालून वर जाताना दिसायची. खोटं बोलत नव्हते ते. शरीराला जे जाणवतं आणि शरीर जे करतं, त्यात फरक असतो. शिकवणाऱ्याने फक्त जाणवलेलं सांगितलं, तर शिकणारा त्याची नक्कल करतो आणि फसतो. म्हणून कॅमेरा लागला, प्लेट लागली. आणि अराकावांनी तेही नसताना काय केलं? समजावलंच नाही. एक पाय उचलायला लावला आणि हातात तलवार दिली. चुकलं की कागदच सांगायचा.

आता पुढच्या वेळी कुठेही मोठा फटका पाहिलात, बेसबॉलमध्ये किंवा आपल्या टी-ट्वेंटीत, तर एकदा स्लो मोशनमध्ये बॅटकडे न बघता बेल्टच्या बक्कलकडे बघा. आधी काय फिरतं ते तुम्हालाच दिसेल. दिसलं तर आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!